धार मारणारी सरूबाई

धार या शब्दाशी सरूबाईची ओळख लहानपणापासूनची. माणगावकडच्या तिच्या माहेरी धार काढायची म्हणजे चरवी घेऊन म्हशीखाली बसायचं. धार लावायची म्हणजे सायकलचं चाक जागच्या जागी फिरवणारा माणूस दारावर आला की त्याच्या हातात विळी द्यायची. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात पहिल्याच दिवशी शेठ जेव्हा त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "सरूबेन, हे पट्टीचा धार काढा," तेव्हा तिनं इकडेतिकडे बघून विचारलं, "म्हस कुठाय?" अख्खा गाळा हसला. शेठही हसले. पुढे कितीतरी वर्षं नवीन माणूस कामाला आला की त्याला आधी ही म्हशीची गोष्ट सांगत आणि मग चहा पाजत.

गाळ्यात धार काढत नाहीत आणि लावतही नाहीत. गाळ्यात धार मारतात. पत्रा मशीनवर कापला की त्याच्या कडेला बारीक कुसळं उभी राहतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण बोटात बरोबर शिरतात. त्यांना म्हणायचं बर. कानस घ्यायची, पट्टी मांडीवरच्या गोणपाटावर धरायची आणि कड गुळगुळीत होईपर्यंत घासायची. सरूबाईला हे काम पटलं. जी धार जिवंत आहे ती मारायची, यात न कळण्यासारखं काय होतं?

गाळा मांडण्यांचा होता. ताटं उभी करायला, पेले उपडे घालायला स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकतात ती स्टीलची मांडणी. मीरा रोडला तेव्हा बिल्डिंगीवर बिल्डिंगी उठत होत्या. माणूस मुंबईतली खोली विकून इकडे आला की बायको पहिल्या आठवड्यात भिंतीला मांडणी ठोकून घ्यायची. त्या मांडणीची धार नीट मारलेली नसेल तर ताट काढताना बाईचा हात कापणार. मग बाई दुकानदाराला शिव्या देणार, दुकानदार शेठला, आणि शेठ सरूबाईला. शिव्यांचा एक गुण आहे, त्या निघतात कुठूनही, पण खाली येऊनच थांबतात.

म्हणून प्रत्येक पट्टी तपासायची. तपासायला यंत्रबिंत्र काही नाही, आपला अंगठा. तो कडेवरून आडवा, बाहेरच्या अंगाला फिरवायचा. लांबीला फिरवला तर चिरलाच म्हणून समजा. हातमोजे घातले तर बर कळत नाही, म्हणून हातमोजे नाहीत. अंगठा कुठं अडला नाही की पट्टीवर खडूचा टिक्का करायचा आणि पुढची उचलायची. सरूबाईच्या अंगठ्याला न दिसणारी बरही सापडायची. शेठ गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत, "आपली मांडणी लहान पोराच्या गालावर फिरवा." तशी कुणी कधी फिरवली नाही, ते बरंच झालं.

मग शेठनी हातात धरायचा ग्राइंडर आणला. गाळ्यातले सगळे त्याला गँडर म्हणत. काम झटपट होईल असं शेठ म्हणाले, आणि झालंही. पण तो गँडर दिवसभर हातात थरथरायचा, आणि घरी गेल्यावर ताटात हात घातला तरी हात थरथरतोच आहे असं वाटायचं. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. थंडीच्या सकाळी बोटांची टोकं पांढरी पडायची, ती सरूबाई चुलीपाशी नेऊन शेकायची. पुढे मुंग्याही यायच्या बंद झाल्या, तेव्हा तिला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

तिच्या आधीपासून हरिश्चंद्र नावाचा एक गडी धार मारायला होता. त्याच्या बोटांची जाण गेली हे शेठच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याला नारळ दिला, शाल दिली, वर एक मांडणी दिली आणि स्वतः जाऊन रिक्षात बसवून आले. शेठ माणूस वाईट नव्हता. पण ज्याला बर कळत नाही त्याला धार मारायला बसवून काय उपयोग, हे शेठचं म्हणणंही खोटं नव्हतं. हरिश्चंद्र ती मांडणी मांडीवर आडवी धरून रिक्षातून गेला. नंतर तो कुठं दिसला नाही.

सरूबाईचा नवरा धर्माजी भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत वॉचमन होता. दोन हजार पाच साली, गणपतीच्या थोडं आधी, गेटजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कुणाला कळलंच नाही. एका गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून त्याला झोपाळू म्हणून शिव्याही घातल्या होत्या. सरूबाई गाळ्यातून आली, तिनं त्याची टोपी सरळ केली, आणि जमलेल्या माणसांना चहा झाला का ते विचारलं. पेणकरपाड्यातल्या चाळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. "रड बाई, रड. आत साचून ऱ्हातं," असं म्हणत शेजारची शैला स्वतःच हमसून हमसून रडली. एकदोघींनी तर दंडाला चिमटे काढून बघितले. सरूबाईला रडू आलं नाही. वर्षानुवर्षांच्या बांगड्या गेल्यावर हात हलका झाला, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

तिला वाईट वाटत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. जिथं वाईट वाटतं ती जागाच सापडत नव्हती. घरी बसलं की खोली अंगावर यायची, म्हणून तेरावं झाल्यावर ती डबा घेऊन गाळ्यात गेली आणि पट्टी मांडीवर घेतली. पट्टीला दोन कडा असतात. दोन्ही मारून झाल्या की दुसरी पट्टी असते. माणसाला दिवस ढकलायला याहून जास्त काय लागतं? मुलगा दिपेश कुरिअरच्या मोटरसायकलवर दिवसभर फिरायचा, सून मिनल घरी साड्यांना फॉल-पिको करायची. दोघं चांगली होती, पण त्यांच्यासमोर बसून करायचं काय, हे सरूबाईला उमजत नव्हतं. गाळा होता म्हणून ती उभी होती, नाहीतर भिंतीला टेकून बसली असती ती बसलीच असती.

अशात वसईच्या दुकानातून एक मांडणी परत आली. गिऱ्हाईक बाईच्या हाताला टाके पडले होते. शेठनी ती मांडणी गाळ्याच्या मधोमध ठेवली आणि सगळ्यांना बोलावून ते म्हणाले, "हात फिरवा. कळू दे काय पाठवला आपण." एकेकानं पुढं होऊन अंगठा फिरवला आणि हाय करून मागे घेतला. सरूबाईची पाळी आली. तिनं अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. तिनं दुसऱ्यांदा फिरवला, तरी नाही. मग तिनंही इतरांचं बघून "आई गं" केलं आणि अंगठा पदरात धरला.

खडूचे टिक्के सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे नाव कुणाचंच निघालं नाही. पण सरूबाई दिवसभर गप्प होती. ती तशीही गप्पच असायची, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

उपाय आपणहून सापडला. पट्टी उचलताना तिची कड मनगटाच्या आतल्या बाजूला लागली आणि चरचरलं. सरूबाई दचकली. इतकी वर्षं बांगड्यांखाली झाकलेली ती कातडी अजून कोवळी होती. तिथं कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. कड मारायची, मनगटावरून हलकेच आडवी फिरवायची, टिक्का करायचा. बर राहिली असेल तर बारीक ओरखडा उठायचा. उठला की पट्टी पुन्हा कानशीखाली. माल परत यायचा थांबला. मनगटावर मात्र एकाखाली एक रेघा उमटत गेल्या.

आता खरं सांगायचं तर थोडं आणखीही होतं. कधी कधी पट्टीला बर आहे हे तिला उजेडात दिसायचं, तरी ती मनगट लावायची. चरचरलं की बरं वाटायचं. का बरं वाटायचं याचा विचार तिनं केला नाही. केला असता तर घाबरली असती.

एका सकाळी ती भाकऱ्यांचं पीठ मळत होती आणि मिनल वरून पाणी घालत होती. रेघांमध्ये पीठ भरलं होतं आणि त्या पांढऱ्या, एकीला एक लागून, स्पष्ट दिसत होत्या. मिनलच्या हातातला तांब्या थांबला. आदल्याच आठवड्यात तिच्या सिरियलमधल्या थोरल्या सुनेनं असंच काहीतरी केलं होतं आणि चार भाग ती हॉस्पिटलात पडून होती. बिचारी मिनल. नवरा गेल्यावर न रडलेली बाई, बांगड्या फुटलेला हात आणि बरोब्बर त्याच जागी या रेघा. कुणीही जोडलं असतं तेच तिनं जोडलं. तिनं सासूला एक शब्द विचारला नाही, पण नवरा घरी आल्या आल्या त्याला बाहेर नळापाशी नेऊन सगळं सांगितलं.

तेव्हापासून घरात चमत्कार सुरू झाले. विळी नाहीशी झाली. "धार लावायला दिलीय," मिनल म्हणाली. भाजी शैलाकडून चिरून यायला लागली, तीही मेथी, जी सरूबाईच्या मते चिरायची नसतेच, खुडायची असते. फिनेलची बाटली गेली, ढेकणांची पावडर गेली, वाळत घालायची नायलॉनची दोरी गेली आणि ओले कपडे खिडकीच्या गजांवर आले. सरूबाई चाळीच्या संडासाकडे निघाली की शैलालाही नेमकी तेव्हाच जायची घाई व्हायची, आणि दाराबाहेरून ती आवाज द्यायची, "सरूताई, झालं का? बोला ना काहीतरी!" संडासात बसून बोलण्यासारखं काय असतं, हे सरूबाईला पुष्कळ विचार करूनही सुचलं नाही.

आणि एक झालं. दिपेश लवकर घरी यायला लागला. आईशेजारी बसायला लागला. टीव्ही बघता बघता तिचा हात आपल्या हातात घेऊन बसायचा. मिनल तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची, वेणी घालायची. सरूबाई हे सगळं करून घ्यायची. आपला हात मुलाच्या हातात आहे हे तिला दिसत होतं, आणि ते बघायला चांगलं वाटत होतं.

शेवटी शैलाच्याच तोंडून फुटलं. पाण्याच्या रांगेत हंडा खाली ठेवून ती एकदम म्हणाली, "सरूताई, दिपेशचा तरी विचार करा. भाऊ गेले, आता तुम्ही पण हाताच्या शिरा कापून घ्यायला लागल्या तर त्या पोरानं कुठं बघायचं?"

सरूबाईनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. सगळं एकदम उलगडलं, विळी, दोरी, मेथी, सगळं. तिला हसू यायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही, पण तिथंच विरलं.

सांगायला काय लागत होतं? मी जीव देत नाहीये, पट्ट्या तपासतेय, एवढंच. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, मनगटानं का, अंगठ्याला काय झालं? आणि अंगठ्याचं शेठच्या कानावर गेलं की नारळ, शाल, मांडणी, रिक्षा. मग सकाळी उठून डबा कुणासाठी भरायचा? ती "मी काय येडी हाय का गं" एवढंच म्हणाली. वेडं माणूस असंच म्हणतं हे शैलाला ठाऊक होतं. तिनं हंडा उचलून डोळे पुसले.

शुक्रवारी गाळ्यांची लाइट बंद, म्हणून सुट्टी. शनिवारी सरूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती तेव्हा दाराशी मोटरसायकल थांबली. दिपेश कुरिअरची बॅग पाठीवर घेऊनच आत आला आणि सरळ शेठच्या टेबलापाशी गेला. मशीनच्या आवाजात तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण शेठ उभे राहिले ते दिसलं. त्यांनी हात वर करून मशीन बंद करायला लावलं.

"सरूबेन, इकडे या," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "हे काय ऐकतो मी? अरे, इथे काय झाला असता तर? पोलीस, पंचनामा, सगळा लफडा." मग तिच्या तोंडाकडे बघून ते मऊ झाले. "बसा. पाणी प्या. असा करू, उद्यापासून तुम्ही पॅकिंगमध्ये बसा. पेपर आणि सुतळी, बस. धार नाही, पत्रा नाही. तुमचं मन बरं होईपर्यंत. मी काढणार नाही तुम्हाला."

म्हणजे तिनं फक्त गप्प राहायचं होतं. मान खाली घालायची, पदर तोंडाला लावायचा, आणि उद्यापासून डबा घेऊन पॅकिंगला यायचं. अंगठ्याचं कुणाला कळलं नसतं, वसईच्या बाईचे टाकेही कुणाच्या नावावर पडले नसते. सरूबाईनं मान खाली घातलीसुद्धा.

"थँक यू शेठ," दिपेश म्हणाला. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याची दाढी वाढली होती आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं त्याला इतके दिवस रोज बघितलं होतं, पण हे आज बघितलं. "आई, मला एकदा सांग," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी नुसता पळापळ करत होतो. दाखला, लाकडं, भटजी. तुझ्याजवळ येऊन बसलोच नाही. म्हणून का? माझ्यामुळं का?"

"नाय रे."

"मग कोणामुळं? सांग ना. मला गाडी चालवताना पण तेच येतं डोक्यात. परवा सिग्नल सुटला तरी मी थांबूनच होतो, मागचे शिव्या घालत होते."

हॉर्न आणि शिव्या. हा पोरगा हे असंच डोक्यात घेऊन घोडबंदरच्या हायवेवर ट्रकांमधून गाडी घालतो.

"मी मरत नव्हते रे," ती म्हणाली. "मी बर बघत होते."

कुणाला काही समजलं नाही. तिनं शेजारची एक पट्टी उचलली आणि मनगटावरून आडवी फिरवून दाखवली, रोज करायची तशीच. "हे असं. झालं का दिसायला? याच्यापुढं काय नाय."

"मनगटावर?" शेठ म्हणाले. "अंगठ्याला काय झाला?"

"अंगठा गेलाय शेठ. सगळीच बोटं गेल्यात. गणपतीच्या आधीपासून असंल, मला कळलं उशिरा."

शेठनी चष्मा काढला. "तो वसईवाला..."

"माझीच असंल ती पट्टी. तवा मी खोटं खोटं ओरडले."

शेठ रागावतील असं तिला वाटलं होतं. पण ते चष्मा सदऱ्याला पुसत पुसत बाहेरच्या वाण्याच्या दुकानाकडे निघाले. नारळ आणायला गेले हे सगळ्यांना कळलं. मशीनवरच्या माणसानं मशीन चालू केलं नाही.

दिपेशनं तिचा अंगठा हातात घेतला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं आणि त्याच्यावरच्या रेघा कधीच्या पुसून गेल्या होत्या. त्यानं तिथं नखानं दाबलं. "लागतं?"

"नाय."

त्यानं जोरात दाबलं. नखाची चंद्रकोर उमटली. "आता?"

"नाय रे. सोड, तुझं नख मोडंल."

"मी तुझा हात धरून बसायचो रोज," तो म्हणाला. "ते?"

सरूबाई खोटं बोलू शकली असती. इतके महिने बोललीच होती. "दिसायचं मला," ती म्हणाली.

दिपेशनं डोकं खाली घातलं आणि सगळ्या गाळ्यासमोर, पाठीवरची बॅगसुद्धा न काढता, तो रडायला लागला. त्याच्या डोळ्यातलं पाणी तिच्या अंगठ्यावर पडत होतं. पडतंय ते तिला दिसत होतं. तिनं थोडा वेळ ते पाहिलं, मग हात हळूच त्याच्या हातात उलटा केला आणि मनगट त्याच्या तोंडाखाली धरलं.